पाण्याखाली धरलेलं वांगं

पिंप्राळा, पौषातला बुधवार, १९७१

सुरेश येऊन गेला. माझा पुतण्या. मुंबईच्या हॉटेलात दहा वर्षं राबला, मग धुळ्याला स्वतःचं हॉटेल टाकलं, आणि आता म्हणे स्वैपाकाचं पुस्तक लिहिलं. भरीत शिकला माझ्या हाताखाली, आणि पुस्तकात फोटो टाय लावून. टाय लावून कोण भरीत ठेचतं?

भरिताचं पान काढलं. वर छापलंय, 'आमच्या नानांची पद्धत'. खाली लिहिलंय, भाजलेलं वांगं नळाच्या पाण्याखाली धरून सोलावं.

पाण्याखाली! कपाशीच्या काड्यांवर भाजून धुराचा जो वास लागतो, तो हा धुऊन मोरीत सोडतो. आणि नाव माझं! चाळीस वर्षं पंगतींना भरीत केलं, बोटं पोळली, पण भाजल्या वांग्याला पाणी लागू दिलं नाही.

विचारलं, "पाणी कसाले रे?"

"नाना, शहरातल्या बायकांचे हात भाजतात."

"मग त्यांनी भेंडी करावी."

हसला गधडा. मी म्हटलं, हसू नको. एक तर ते पाणी खोड, नाही तर माझं नाव. म्हणाला, पुस्तकं छापून झाली. म्हटलं, गठ्ठे गाडीत आहेत ना? आण इकडे. शाई मी देतो.

मला वाटलं, पाणी खोडेल. एवढी तरी लाज असेल.

ओट्यावर बसून त्यानं एकेका पुस्तकातलं माझं नाव खोडलं. पट्टी लावून, नीट.