मिरीच्या वेलाला ऊब

हुडकेश्वर, नागपूर
२१ डिसेंबर २०२४

चि. पायल हिस,
बाबांचा सप्रेम जय भीम.

फोनवर मला तुझा शब्द ऐकू येत नाही आणि तुझी आई माझ्या नावावर वाट्टेल ते सांगते, म्हणून हा कागद. रविवारी अश्विन बुटीबोरीहून आला की फोटो काढून तुला पाठवेल.

केरळातून आणलेली झाडं थंडीनं चालली आहेत. पारा आठवर उतरला. जायफळ गेलंच, आता मिरीच्या वेलाची पानं काळी पडताहेत. तुझ्या आईला जन्मात पहिल्यांदा समुद्र दाखवला, त्याची ती आठवण. वेल गेला तर माझी धडगत नाही. तुझ्याकडे उणे तीसमध्ये कढीपत्ता जगतो म्हणे! ती विद्या आम्हालाही शिकव.

लोभ आहेच, तो हिवाळाभर पुरू दे.
तुझा बाबा, गोपाळराव

विनिपेग
२५ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
पायलचा सविनय जय भीम.

हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंड वाकवलेला माणूस वेलापुढे हात टेकतो, हे वाचून खूप हसले. आता नीट ऐका. सगळ्या कुंड्या गच्चीवरून एका खोलीत आणा. खिडक्यांच्या फटी प्लास्टिक आणि चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा. पाणी निम्मं. खोली रात्रभर उबदार हवी. आईला खिडक्या उघडायची खोड आहे, तिला मुळीच उघडू देऊ नका.

दोघांनी स्वेटर घाला आणि माया अशीच ठेवा.
आपली पायल

हुडकेश्वर
४ जानेवारी २०२५

चि. पायल हिस,
सप्रेम जय भीम.

तुझं सगळं तंतोतंत केलं. आमच्या झोपायच्या खोलीत आता मुंगीलाही वाट नाही. हीटरवर माझा भरवसा नाही, लाइट कधीही जाते. म्हणून वांगी भाजायची शेगडी कोळसे भरून वेलाशेजारी ठेवतो. सकाळपर्यंत ऊब टिकते. वेलाला दोन नवी पानं आली!

तुझ्या आईचं मात्र रोज डोकं दुखतं, परवा उलटी झाली. माझंही डोकं जड असतं. अंगणात आलं की उतरतं. थंडीच बाधली असणार. ती म्हणते, मले कोंडल्यासारखं होऊन राहिलं, एक खिडकी उघडा. मी तुझं पत्र दाखवून गप्प केलं. आज ती नऊ वाजता उठली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. चांगली झोप लागते, दुसरं काय.

उद्या अश्विन येईल. लोभ वाढता राहो.
तुझा बाबा

विनिपेग
९ जानेवारी, संध्याकाळ

अश्विन,
बाबांचं चार तारखेचं पत्र तू मला आज पाठवलंस. वाचलंस तरी का? बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. इथे घराघरात तो साठला की वाजणारा भोंगा लावतात. फटी बुजवायला मी सांगितलं. आमच्याकडे ऊब भिंतीतून येते, त्यांच्याकडे कशातून येईल हे मला सुचलंच नाही.

घरचा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. तुझा बंद आहे. शिफ्ट सुटून हे वाचशील तसा निघ. आधी खिडक्या फोड.
ताई

हुडकेश्वर
१२ जानेवारी २०२५

ती. ताईस,
अश्विनचा जय भीम.

काल फोनवर आपण दोघं नुसते रडलो, म्हणून लिहितो. मी पोचलो तेव्हा आई पुढच्या खोलीत गुंगीत पडलेली होती, थोडा वायू तिथंही गेला होता. तू लावलेला फोन आत बाबांच्या उशाशी वाजत होता. खिडक्या फोडल्या, पण बाबा रात्रीच गेले होते.

पत्राचा फोटो चार दिवस माझ्या मोबाईलमध्ये पडून होता. डबल ड्यूटी होती, राहून गेलं. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

आईला अजून चक्कर येते, पण ती धोक्याबाहेर आहे. त्या रात्री ती बाबांशी भांडून बाहेर झोपली. आता एकच धरून बसली आहे, मी जवळ राहिली असती तर त्यायचा जीव गेला नसता. मी तिला हृदयाचा झटका म्हणून सांगितलं आहे. खरं सांगितलं तर फटी बुजवायला सांगणारं तुझं पत्र निघतं, आणि नाही सांगितलं तर ती उरलेलं आयुष्य स्वतःला कोसत राहणार. मंगळवारी बाबांचा जलदान विधी आहे. सगळे नातेवाईक येतील आणि तिला विचारतील.

तिला काय सांगू, ते तू ठरव. माझ्यावरची माया कमी करू नकोस.
तुझा अश्विन