तीन हप्त्यांचा युरिया

२ मार्च
वहिनीने शेतात रोवलेल्या माझ्या पाटीवर ओले पायमोजे वाळत घातले. निषेध नोंदवून ठेवतो. पाटी शास्त्रीय प्रयोगाची आहे. बटाट्याच्या शेताच्या दोन तुकड्यांना मी 'प्रथमा' आणि 'द्वितीया' अशी नावं दिली आहेत. एवढं संस्कृत शिकलो, त्याचा आयुष्यात हा पहिला उपयोग. वहिनी म्हणते, भावजी, तुमच्या विज्ञानाला पायमोजे जड होत असतील तर काढते.

प्रयोग असा. प्रथमेला दादाची जुनी पद्धत: सगळा युरिया लागवडीबरोबरच. झाड एवढंसं, ते खाऊन खाऊन किती खाणार? युरियातला बराचसा नत्र पाण्याबरोबर खाली निघून जातो. द्वितीयेला माझी पद्धत: युरिया तिसऱ्या हिश्श्याने कमी, तोही तीन हप्त्यांत, भूक लागेल तसा. शेतीपानाचा वार्ताहर म्हणून जन्मभर इतरांचे प्रयोग छापले. आता स्वतःचा. खत दादा टाकणार, त्याचा हात मापाचा आहे. नोंदी मी ठेवणार.

२९ मार्च
उगवण उत्तम. दादाने विचारलं, पंडित, कुठला बटाटा लावलाय रे? बियाणं त्यानेच निवडलेलं. म्हणजे माझी परीक्षा घेतोय. थोरल्या भावांना ही खोड असते. सविस्तर उत्तर दिलं. संध्याकाळी पुन्हा घेतली.

७ एप्रिल
मातीची भर लावली. दादाने द्वितीयेला दुसरा हप्ता दिला. संपादकांना कळवलं, मोठा लेख येतोय. ते म्हणाले, आधी पीक येऊ द्या. घाबरट माणूस.

१२ एप्रिल
युरियाचं पोतं हिशेबापेक्षा बरंच रिकामं. उंदीर असावेत. उंदीर युरिया खातात असं कुठे वाचलेलं नाही. पण ते वाचून थोडेच खातात? सापळा लावला.
सापळा लावताना वहिनी येऊन उभी राहिली. म्हणाली, भावजी, तिसरा हप्ता तुम्हीच टाका. म्हटलं, दादाला काय वाटेल? ती म्हणाली, बरं. दादाची पाठ दुखत असणार. विचारायला हवं.

१५ एप्रिल
विचारायचं राहिलं. सापळ्यात कोणी नाही.

२ मे
द्वितीया! पानं काळपट हिरवी, झाडं कमरेला लागतात. तिच्यापुढे प्रथमा आजारातून उठल्यासारखी. शेजारचा शेतकरी कुंपणावरून म्हणाला, वार्ताहरसाहेब, बटाटे काढणार की गुरं चारणार? मत्सर. आजच लेख पाठवला. मथळा: 'नत्र वाचवा, हिरवाई वाढवा'.

९ मे
छापून आला! फोटोत दादा आणि मी. त्याला मोठ्याने वाचून दाखवला. सगळं ऐकून म्हणाला, शेत झकास आहे, कोणाचं? सरळ चेहऱ्याने विनोद करण्याची त्याची जुनी हातोटी. मी पोट धरून हसलो. वहिनी आत गेली. तिला विनोदाचं अंग नाही.

१ जून
प्रथमेचा पाला पिवळा पडून वाळला, काढणीला आली. द्वितीया अजून हिरवीगार. तारुण्य टिकवून आहे म्हणायचं.

१६ जून. दुपारी.
काढणी. प्रथमेत मुठीएवढे बटाटे. द्वितीयेत गोट्या. झाडाने सगळा जीव पाल्यात घातला. हे नत्र जास्त झाल्याचं लक्षण. मीच कितीदा छापलंय. पण मी तर कमी दिला होता. जमिनीत आधीचा साठा असेल. किंवा शेजाऱ्याचं खत वाहून आलं असेल. त्याचं शेत उतारावर खाली आहे, तरीही.

संध्याकाळी.
वहिनीने बांधावर बसवून सांगितलं. दुसरा हप्ता दादाने एकदा नाही, चारदा टाकला. सकाळ झाली की बादली भरून निघायचा, पंडितने सांगितलंय म्हणून. काल टाकलात म्हटलं तर तिच्यावर ओरडायचा. एकदा तिने हातातली बादली काढून घेतली, तर तो वाफ्यातच बसून रडला.
मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, आले होते सांगायला. तुम्ही सापळा लावत होता.
मग म्हणाली, शिवाय तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्या हातून शेत काढून घेतलं असतं, भावजी. तेवढंच त्यांना अजून आपलं वाटतं.
मी गोट्या गोळा केल्या.

१८ जून
वर्तमानपत्राला खुलासा द्यायचाय. दोन मसुदे झाले. एकात दोष हवेला दिला, दुसऱ्यात बियाण्याला. दोन्ही फाडले.

दुपारी ओसरीवर दादा शेजारी येऊन बसला. बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग अगदी अदबीने म्हणाला, आपण लांबून आलात का? चहा घेतल्याशिवाय जाऊ नका हं. वहिनी दारातच थांबली. मी हो म्हणालो. चहा घेतला.

बटाट्यांचं काही वाटत नाही. लेखाचंही नाही. आई-बाबा गेल्यावर मला अरे-तुरे करणारा हा एकच माणूस उरलाय. तो मला विसरत चाललाय. मला भीती वाटते.