वर केलेलं बोट

३ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

फोन न करता लिहिते आहे, कारण फोन तुझ्या काकांच्या उशाशी आहे आणि बोलणं गेलं असलं तरी कान शाबूत आहेत. आपल्याविषयी बोलणं चाललंय असं कळलं की डोळे मिटून घेतात.

बातमी अशी, की आज हे गुणगुणले! अर्धांगाचा झटका आल्यापासून एक शब्द नाही, उजवा हात लाकडासारखा. आणि सकाळी मी दाढी करून देत होते तर चक्क त्यांची ती दाढीची चाल. दाढी करताना हे जन्मभर तीच गात आले, जन्मभर बेसूर. घड्याळजी माणूस, दुसऱ्याची घड्याळं काट्याला काटा जुळवून देईल, पण सुराशी उभा दावा.

डॉक्टर म्हणाले, गुणगुणण्यामागून शब्दही येतील कदाचित, जपा. तेव्हा संध्याकाळी पेटी काढते. एवढ्या पोरांचे गळे वळणावर आणले, नवऱ्याचा एक जड आहे होय? तू गाण्याने उपचार करायचं रीतसर शिकतेस, मी नुसतं ऐकून ऐकून पेटी शिकले. बघू कोण आधी पास होतं ते.

वेळेवर जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मावशी

६ जून

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वॉर्डच्या जिन्यातच बसले आणि आनंदाने रडले. पण आधी एक ऐक. काकांना सुधारू नकोस. पेटी राहू दे. आणि सूर उतरला की तुझं ते बोट वर जातं ना, ‘वर घे’ म्हणून, ते तर मुळीच नको. मी अजून भिते त्याला.

इथे मानसिक आजारांच्या वॉर्डात एक ट्रकवाले आजोबा आहेत, कोणाशी बोलत नाहीत. परवा पहिल्यांदाच त्यांनी ढोल जवळ ओढला, वेडावाकडा वाजवला. मी पडले तुझी शिष्या. शेजारी बसून ठेका सरळ करून दिला. त्यांनी ढोल खाटेखाली सरकवला तो सरकवलाच. आम्हाला शिकवणाऱ्या बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, “ते बोलत होते. तू शिकवायला बसलीस.”

वॉर्डातला सराव संपेपर्यंत मला सुटी नाही, नाहीतर आजच निघाले असते. लोभ आहेच, माझ्या आगाऊपणासकट राहू दे.

तुझी चिमणी

११ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुझं पत्र आज हाती आलं. बोट मी तुला लिहिलं त्याच संध्याकाळी वर गेलं होतं गं.

पेटीवर मी सूर दिला. यांनी चाल धरली, आणि नेहमीच्या जागी उतरले. माझं बोट गेलं वर. यांनी पुन्हा घेतलं, बोट पुन्हा वर. मग माझ्याकडे असं पाहिलं, की शिकवणी बुडवून सापडलेलं पोरही एवढं ओशाळत नाही. तोंड मिटलं ते आजतागायत. दाढी मुकाट चालते. मला आपलं वाटलं, दमले असतील. करायला गेले काय नि झालं काय.

तुमच्या त्या अभ्यासात याला काही उतारा असेल तर लिही. बाईंना विचार. मूर्ख म्हातारी म्हणाल्या तरी चालेल.

मावशी

१५ जून

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

बाईंना विचारलं. म्हणाल्या, हमखास उतारा नाही. त्यांच्याकडून काही मागू नकोस, तूच त्यांची चाल गा, त्यांच्यासारखी. ते सोबत गायला आले तर आले. मी रोज ट्रकवाल्या आजोबांच्या खाटेशी बसते आणि मांडीवर हळूच त्यांचा वेडावाकडा ठेका धरते. ढोल अजून खाटेखालीच आहे. तुला खोटा धीर देववत नाही, एवढाच माझा लोभ समज.

चिमणी

२२ जून

चि. चिमणीस आशीर्वाद.

पेटी बंद करून ठेवली. आज गालाला साबण लावता लावता यांची चाल यांच्यासारखी गायला गेले, तर त्या जागी मेला गळा उतरेचना! सगळा जन्म तो वर ठेवण्यात गेला. पुन्हा गायले, पुन्हा अचूक. माझंच मला रडू आलं, आणि रडण्यात सूर जो घसरला तो यांच्याही खाली.

तेवढ्यात चादरीवरून यांचा डावा हात हलला. एक बोट वर झालं. अगदी माझ्यासारखं.

मला सूर दाखवला, की पुरे कर म्हणाले? मी गप्प झाले तसं बोट खाली गेलं. विचारलं, तर डोळे मिटून घेतले. गालावरचा साबण वाळेपर्यंत मी वस्तरा हातात धरून तशीच उभी.

तू शिकते आहेस, तुला कळेल म्हणून विचारते. उद्या पुन्हा दाढी आहे. गाऊ की नको?

उत्तर येत नसेल तरी पत्र पाठव. लोभाला तेवढं पुरे.

तुझी मावशी