विम्याचा कागद आणि शिंपीकाकांचा खांदा

४ मार्च

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

दवाखान्याची पाटी लागली. भिंतींना तू सुचवलेलाच फिकट पिवळा दिला; आई म्हणते, खोलीला कावीळ झालीय. टेबल आलं, पडदे आले, आणि घोडं अडलंय एका कागदावर. फिजिओथेरपीच्या नोंदणी मंडळाला माझ्या स्वतःच्या नावाचा व्यावसायिक जबाबदारीचा विमा हवाय. त्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही. हॉस्पिटलात सात वर्षं मी त्यांच्याच विम्यात होते. नोकरी सोडली, तो गेला. नवा सुरू व्हायला अजून दोन आठवडे लागतील.

समोरचे शिंपीकाका रोज खांदा धरून डोकावतात. हात वर जात नाही आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे पडलेत. माझ्या हातून आजवर कुणाला ओरखडाही आलेला नाही. पुढच्या सोमवारपासून गुपचूप सुरू करावं म्हणते. कोण बघायला येतंय?

रागावणार असशील तर प्रेमानं रागाव.
तुझी भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. त्या खांद्याला हात लावशील तर याद राख! विमा तुझ्यासाठी आहे असं तुला वाटतंय. तो शिंपीकाकांसाठी आहे, बाळ. चूक तुझी आणि शिलाई बंद त्यांची, असं झालं तर काय देशील त्यांना, पिवळा रंग?

तुझ्या आईलाही माहीत नसलेली गोष्ट सांगते. लोकांचे दात काढायला लागून बारा वर्षं झाल्यावर मी एका पोस्टमनचा चांगला दात उपटला. एक्स-रे उलटा धरला होता. विमा होता म्हणून त्याला नवा दात मिळाला आणि मला झोप. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी मी विमा चालू ठेवलाय. तक्रार मागाहूनही येते.

दोन आठवडे त्या पडद्यांना झालर शिवत बस.
लोभ आहेच, कान पिळायला हातही आहे.
मावशी

२९ एप्रिल

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, कागद आल्यावरच दार उघडलं. दीड महिना छान गेला. शिंपीकाकांचा हात कानापर्यंत जायला लागला होता. आणि काल मी त्यांना भाजलं.

शेकाच्या पिशवीखाली टॉवेलच्या चार घड्या लागतात. फोन वाजला, मी दोनच घातल्या आणि बोलत राहिले. काका भिडस्त, बाईंना वाटेल कुरकुर करतो, म्हणून सोसत राहिले. खांद्यामागे पाठीवर तळहाताएवढा फोड आलाय. डॉक्टरांनी तीन आठवडे मशीन बंद सांगितलंय, ऐन गणवेशांच्या दिवसांत. त्यांच्या उपचारांच्या कार्डावर घड्यांचं लिहिलेलं नाही. लिहू का? माझी नोंदणी जाईल का गं? कालपासून घास उतरत नाही.

तुझी भिंगरी

१ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी जेव. मग विमा कंपनीला आजच्या आज कळव. उशीर केला तर त्यांना पाठ फिरवायला निमित्त मिळतं. कार्डावर जुन्या ओळीला हात लावू नकोस. आजची तारीख घालून खाली नवी नोंद कर, दोन घड्यांसकट. भरपाईचं वचन तू देऊ नकोस, ते त्यांचं काम. आणि मग काकांच्या घरी जा. वाईट वाटलं हे सांगायला कुठलीही कंपनी अडवत नाही.

मी त्या पोस्टमनकडे चार दिवस गेले नव्हते. ते चार दिवस मला अजून बोचतात.

तुझ्याच बाजूची,
मावशी

१० जून

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी काकांकडे गेले होते. काय झालं ते सगळं सांगितलं. काकू दारातच उभ्या राहिल्या, चहा नाही, बस नाही. काका मात्र म्हणाले, की ते उगाच स्वतःच्याच कातडीला दोष देत होते.

विमा कंपनीनं औषधपाणी तर दिलंच, शिवाय बुडालेल्या कामाची भरपाईही दिली. त्यातून काकांनी दुसऱ्या कारागिराला बसवलं आणि गणवेश वेळेत गेले. मंडळानं मी आपणहून पाठवलेला खुलासा वाचून समज दिली, नोंदणी राहिली. आता शेक चालू असताना फोन कपाटात असतो.

आणि आज सकाळी काका आले! दुसरीकडे जातील असंच मी धरून चालले होते. खांदा पुन्हा आखडलाय, म्हणाले, आणि टेबलावर पालथे झाले. टॉवेलच्या घड्या तीनदा मोजल्या. दर मिनिटाला विचारत होते, चटका बसतोय का, जास्त होतंय का. दोनदा त्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा उत्तरच येईना. घाबरून वाकून पाहिलं, तर काका चक्क घोरत होते.

तुझ्या मायेत राहू दे.
भिंगरी