मादी इथेच राहील

प्रेरोव, ९ फेब्रुवारी १९९७

ती. ब्लाझेना वन्सं यांस,
यारमिलाचा सा. न.

तुमचं पत्र आणि खसखस भरलेल्या गोड पावांच्या बुख्ती पोचल्या. बुख्ती संपल्या, पत्र अजून पुरवून वाचते आहे.

ओता जाऊन तीन महिने होत आले. फ्लॅट विकून झ्लिनला ये, असं तुम्ही लिहिता. त्यातली माया कळते. पण त्याच्या खोलीत अजून एक जीव आहे. ओताच्या सरडेवाल्या मंडळातला शॅमेलिऑन, म्हणजे ते रंग बदलणारे सरडे, पाळणारा कुणी गेला, की बाकीच्यांनी त्याची जनावरं लगेच वाटून न्यायची, उपाशी मरू नयेत म्हणून, अशी त्यांच्यात रीत आहे. तशी सगळी गेली. एक फिकट मादी राहिली. अध्यक्ष वाव्रा म्हणाले की ही साधी आहे, संकर असेल, हिचं नंतर बघू. ओता मात्र म्हणायचा की ही मादागास्करच्या पठारावरची, आपल्या अख्ख्या मोराव्हिया प्रांतात अशी दुसरी नसेल.

तो व्याख्यानं देत फिरायचा तेव्हा रातकिडे मी घालत होते, पानांवर पाणी मी फवारत होते. जात ओळखणं हे त्याचं काम. येत्या रविवारी बैठक आहे, तिथे तिला नेणार आहे. नवऱ्याला मेल्यावर कुणी खोटं पाडलेलं मला चालणार नाही.

थंडीत छाती सांभाळा.

तुमची,
यारमिला


झ्लिन, १३ फेब्रुवारी

चि. यारमिला हिस,
ब्लाझेनाचे अ. आ.

हसू की रडू कळेना. माणूस गेला, आणि तू सरडीला दिव्याची ऊब देत बसलीस! माझ्या भावानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुझी शिवणाची खोली बळकावली, ती मेल्यावरही सोडत नाही म्हणायचा. वाव्रा इतकी वर्षं अध्यक्ष आहेत. ते साधी म्हणतात तर साधीच असेल. भर सभेत तुझी शोभा मात्र होईल. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि तुझी त्या खोलीच्या दारापर्यंत! देऊन टाक कुणाला तरी आणि ये इकडे.

नीट जेवतेस ना? फोनवर तुझा आवाज फार बारीक येतो. रागावलीस तरी उत्तर लिही.

ब्लाझेना


प्रेरोव, १७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस, सा. न.

तुम्ही म्हणालात तशी आधी शोभाच झाली. गारठ्यातून नेल्यामुळे ती पांढुरकी पडून काटकीसारखी बसली. वाव्रांनी भिंगातून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले की ओता हुशार होता, पण स्वप्नं फार बघायचा. मागून कुणीतरी म्हणालं, वहिनी, हिचं सूप करा. लोक हसले. मला सभेत बोलता येत नाही. मी एवढंच म्हटलं की हिला नर दाखवा. ओता सांगायचा, या जातींचे नर दिसायला एकमेकांसारखे असतात, पण मादी नराला झिडकारते तेव्हाचे तिचे रंग लपत नाहीत.

वाव्रांनी आपला नर समोर ठेवला. वन्सं, बघता बघता ती काळी झाली. अंगावर पिवळे पट्टे, कुशीवर जांभळे ठिपके. जबडा वासून, डुलत, फुसफुसत आपल्या दुप्पट नरावर चालून गेली, आणि तो मागं सरला.  मग वाव्राच हळू म्हणाले की ओताचं बरोबर होतं, आणि ही गाभण आहे. तिचा नर ऑक्टोबरातच मेला, पण या माद्या नराचं बीज महिनोन्महिने जपून ठेवतात.

त्यानंतर सूर बदलला. असा जीव एकट्या बाईकडे ठेवणं बरं नव्हे, माझ्याकडे द्या, असं ते म्हणू लागले. मी पेटीचं झाकण लावलं आणि बसने घरी आले. मादी देणार नाही. तुम्हीही सांगू नका.

यारमिला


झ्लिन, २० फेब्रुवारी

चि. यारमिला हिस, अ. आ.

आज तुझ्या वाव्रांचा फोन आला. खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, मादी गेली की तू येशील. मग ते म्हणाले की बाई दुःखात आहे, तिला काय कळतंय, तुम्ही घरातल्या मोठ्या, तिच्या वतीनं तुम्हीच हो म्हणा. तिथं माझं डोकं फिरलं. सांगितलं त्यांना, की आमच्या घरात ज्याचं हो-नाही तोच म्हणतो, आणि परत फोन केलात तर मी त्या मादीपेक्षा काळी होईन.

सरडे मला अजूनही आवडत नाहीत. तरी शनिवारी चार दिवस राहायला येते. फक्त रातकिडे माझ्या हातात देऊ नकोस.

ब्लाझेना


प्रेरोव, ३ मार्च

ती. वन्सं यांस, सा. न.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती फांदीवरून उतरली, ओल्या वाळूत बीळ केलं, अंडी घातली, वाळू लोटून पायांनी दाबली आणि पुन्हा वर चढली. फार थकली आहे. आता जगेल की नाही, सांगता येत नाही.

काल वाव्रा रिकामी पेटी घेऊन दारात उभे. मी कॉफी दिली, काचेतून बघू दिलं. ते म्हणाले की मादी टिकायची नाही. अंड्यांना आधी ऊब, मग कित्येक महिने गारवा, मग पुन्हा ऊब लागते. मुरलेले लोकसुद्धा मेली समजून फेकून देतात. तुम्ही काय वर्षभर वाळूकडे बघत बसणार का?

मी त्यांचा कोट त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं की हो, बसणार. मला दुसरीकडे कुठंही जायचं नाही.

रागवा, पण माया पातळ करू नका.

यारमिला