हळू आवाजातली संमती

१२ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गुडघे दुखतात म्हणतेस आणि तीन मजले चढून गच्चीवर कपडे वाळत घालतेस, धन्य आहे तुझी! मी ठीक आहे. जेवण जात नाही, एवढंच.

गोदामातली मालाची लिफ्ट बुधवारी दुसऱ्या मजल्यावरून खाली आली. आली म्हणजे पडली. आत पॅकिंगच्या मावशी होत्या. रोज माझ्या डब्यात डोकावून "एवढ्यानं काय होतंय रे तुझं?" म्हणणाऱ्या. अजून शुद्धीवर आलेल्या नाहीत.

येत्या सोमवारी चौकशी आहे. लिफ्टची देखभाल माझ्याकडे. दोराच्या तारा तुटायला लागल्यात, हे मी आठवडाभर आधी नव्या साहेबांना दाखवलं होतं. ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत चालवू या ना." मी म्हणालो, "चालवा. तुम्ही म्हणाल तसं." अगदी हळू, दातांवर दात ठेवून.

तुला वेगळं सांगायला नको. अण्णा असं हळू आवाजात "करा" म्हणाले की तो नकारच, हे ओळखून आई हातातलं काम टाकून उठायची. मग कुणीतरी त्यांची समजूत काढायचं आणि बेत रद्द व्हायचा. साहेब दुसरीकडचे. त्यांच्याकडे म्हणे नकार द्यायचा तर टेबलावर हात आपटतात. त्यांनी वहीत लिहून टाकलं, 'मेकॅनिकची संमती आहे.' आणि मी आपला खोलीत रुसून बसलो, ते समजूत काढायला येतील म्हणून.

तेव्हा तू सोमवारी ये. आपल्या घरची रीत चौकशीवाल्यांना सांग. माझी नोकरी वाचेल.

इथवर लिहून पाकीट चिकटवलं होतं. परत फोडलं.

ताई, मी "चालवा" म्हणालो तेव्हा साहेब हसले, माझ्या खांद्यावर थाप मारून "थँक्यू" म्हणाले. त्यांना उलटंच कळलंय, हे मला तिथेच कळलं. "नाही" म्हणायला तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, मीच का दोनदा सांगू? अडू दे एकदा, येतील ताळ्यावर. लिफ्ट अडेल एवढंच डोक्यात होतं, पडेल हे नव्हतं. मावशींना तरी सांगायचं होतं. तेही नाही.

त्यांची मुलगी दवाखान्याबाहेर बाकावर बसलेली असते. मी तिच्यासमोरून दोनदा गेलो, मान खाली घालून.

तू आलीस आणि आपल्या घरचं खरं तेवढंच सांगितलंस, तर मी सुटेनही. त्याचीच भीती वाटते आहे. येऊ नकोस. हे मी हळू आवाजात म्हणत नाहीये.

सगळं माहीत असलेला,
तुझा धाकटा भाऊ