अमिताचं खातं

२३ नोव्हेंबर २००३, इंदूर

आले बाई एकदाची! बत्तिसाव्या वर्षी नवी नवरी म्हणून माप ओलांडताना हसू आवरत नव्हतं. पायाने असं काही ढकललं की तांदूळ थेट अप्पासाहेबांच्या चपलांपर्यंत. अप्पासाहेब म्हणजे माझे सासरे. कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते. गिरणी बंद पडून अकरा वर्षं झाली, तरी सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसतात. घरात ते आणि निशांत, बस. निशांत विजय नगरला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. तो बिजवर हे ठाऊकच होतं, पहिली बायको गेल्या हिवाळ्यात वारली. वर्षाच्या आत उरका नाहीतर तीन वर्षं थांबा, म्हणून त्यांना घाई. मलाही घाई होतीच, खोटं कशाला बोलू.

इथलं मराठी ऐकून आम्ही भुसावळकर गारद. चाय पिऊन घे, मग नहाऊन घे! माझ्या वर्गात कुणी आंघोळीला 'नहाणं' लिहिलं असतं तर लाल रेघ ओढली असती. शेजारच्या शारदाकाकू गराडू तळून घेऊन आल्या. सुरणासारखा कंद, वर झणझणीत मसाला. घशाला अशी खाज सुटली की दोन तांबे पाणी प्यायले. काकू फार मायेच्या आहेत, फक्त मला नावाने हाक मारताना जरा अडखळतात.

नावाचंही लिहायला हवं. लग्नात निशांतने तांदळाच्या ताटात अंगठीने 'अमिता' लिहिलं. नाव वाईट नाही. पण मला आई आठवली. तिचं माहेरचं नाव कौसल्या. सासरी ते बदललं, आणि आजोबा गेल्यावर तिला कौसल्या म्हणणारं कुणी उरलं नाही. जाण्याआधी आठ दिवस एकच घोकत होती, मला एकदा कौसल्या म्हण गं. मी तेव्हाच ठरवलं, माझं नाव मी सोडायची नाही. घरात अमिता तर अमिता, या वहीत रोज सही माझीच.

— मंजिरी

२७ नोव्हेंबर

निशांत उद्या तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला बंगलोरला चालला. नवी नवरी इथे आणि नवरदेव तिकडे! जाताना घरातला कॉम्प्युटर माझ्या हवाली केलाय. पलासियाच्या नव्या बँकेत आमचं दोघांचं खातं आहे म्हणे, त्यावरून घरबसल्या लाइटची, फोनची बिलं भरायची. अप्पासाहेबांना रांगेत उभं करायचं नाही. लग्नाआधीच खातं काढून ठेवलं म्हणजे नवरा हुशार आहे, असं मी मनात म्हटलं. पासवर्डचं बंद पाकीटही आलं.

घरात गिझर नाही. माळ्यावर पाणी तापवायचा रॉड सापडला म्हणून खुश झाले, तर अप्पासाहेबांनी तो माझ्या हातातून काढून परत वर ठेवला. या घरात पाणी गॅसवरच तापतं म्हणाले. असो. नाहीतरी रोज सकाळी आठ ते दहा लाइट जातेच. निवडणुकीत सगळे पक्ष त्यावरच भांडतायत.

— मंजिरी

२ डिसेंबर

डोकं फुटायची वेळ आली. आधी फोनच्या तारेतून पाच मिनिटं किर्र कुईं. मग बारा आकड्यांचा आयडी. मग पासवर्ड, त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चांदणी हवी. नवा ठेवला तर म्हणे जुन्यासारखाच आहे. जुना मला काय कप्पाळ माहीत! एवढं सगळं पार केलं तर शेवटी प्रश्न : माहेरचं नाव? मी थाटात मंजिरी लिहिलं. चूक. सगळी मोठी अक्षरं घालून लिहिलं. चूक. आडनावासकट लिहिलं. चूक, आणि खातं चोवीस तास बंद. घ्या! माझं नाव मला ठाऊक नाही, त्या डबड्याला ठाऊक.

मला आत जायलाच हवं. शाळेचा शेवटचा चेक मंजिरी नावाने आलाय आणि खातं अमिताचं. नाव बदलायचा अर्ज लॉगिनच्या पलीकडे. म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. अप्पासाहेबांना सांगितलं तर म्हणाले, होईल, सवय होते.

— मंजिरी

४ डिसेंबर

बँकेच्या फोनवर वीस मिनिटं पेटी ऐकवली. मग एक पोरगी आली. जन्मतारीख विचारली, मी सांगितली. जुळत नाही म्हणाली. मॅडम, खातं जून २००१ पासून आपलंच आहे, आठवून सांगा. जून २००१ मध्ये मी भुसावळला सातवी 'ब'च्या वह्या तपासत होते!

फोन ठेवल्यावर लख्ख उजेड पडला. लगेच बंगलोरला लावला. निशांत त्याच्या त्या मऊ आवाजात बोलला. हो, पहिलीचंही सासरचं नाव अमिताच. तुझंही तेच ठेवायचं पप्पांनी सुचवलं. राशन कार्ड, गॅस, विमा, बँक, सगळीकडे अमिता आहेच. मृत्यूचा दाखला घेऊन दहा खिडक्या कशाला हिंडायच्या? तिचं गेलेलं यांपैकी कुणालाच कळवलं नव्हतं त्यांनी.

मेलेल्या बाईचं नाव माझ्या अंगावर चढवलं, आणि कशासाठी, तर कागदांची खटपट वाचावी म्हणून! संतापाने रडू आलं. बाबांना यातलं काही सांगणार नाही, एकटे आहेत ते तिकडे.

— मंजिरी. मंजिरी. मंजिरी.

५ डिसेंबर

अप्पासाहेबांना जाब विचारला. ओशाळायचं तर राहोच, कौतुकाने सांगत बसले. गिरणीत कामगार मेला की त्याचा नंबर कोरा ठेवत नसत. बदलीवाला उभा करायचा. बिल्ला तोच, नाव तेच, पुकारा झाला की त्याच नावाने हाजिर म्हणायचं. हरी नावाचा एकजण असा वाल्मिकच्या नंबरवर एकोणीस वर्षं राबला. शेवटी शेवटी त्याची बायकोसुद्धा त्याला वाल्मिक म्हणायची. मूळचा वाल्मिक ज्या खात्यात पट्ट्यात सापडून गेला, त्याच खात्यात, त्याच पट्ट्यात हाही गेला. गिरणीत विभागाला खातंच म्हणतात. नंबर चालू राहिला पाहिजे, बस, असं म्हणाले.

मी म्हटलं, मी काही या घरात बदलीवर आलेले नाही. ते हसले आणि चाय मागितली.

— मंजिरी

९ डिसेंबर

तिची ट्रंक उघडली. चोरी वाटली, पण दुसरा इलाज काय? शाळेचा दाखला मिळाला. देवासची होती. माहेरचं नाव उषा.

उषा लिहिलं आणि आत गेले! एक आनंद आणि एक कसंतरी. पानावर वरच्या कोपऱ्यात लिहून येतं, आपण याआधी कधी आला होतात ते. तिथे होतं : आज सकाळी ८:१०.

आठ ते दहा लाइट नव्हती. कॉम्प्युटर बंद होता. निशांतचा आयडी वेगळा आहे. बँकेच्या घड्याळात घोटाळा असेल.

— मंजिरी

१२ डिसेंबर

नाव बदलायचा अर्ज उघडला. पुन्हा पडताळणी. लहानपणी पाळलेल्या जनावराचं नाव? माझ्या बोटांनी लिहिलं : टिपू. बरोबर.

आमच्याकडे कधी जनावरच नव्हतं. बाबांना मांजराचाही तिटकारा. ट्रंक पालथी घातली, टिपूचा कुठे उल्लेख नाही. शेवटी शारदाकाकूंना विचारलं. त्यांचे डोळे भरून आले. देवासच्या घरी तिचा टिपू होता म्हणाल्या, काळा कुत्रा. तुला कुणी सांगितलं गं?

अर्ज फेटाळला. मंजिरी नावाची नोंद नाही. याआधीचं येणं : आज सकाळी ८:१०.

— मंजिरी

१५ डिसेंबर

काकूंनी आज सगळं सांगितलं. गेल्या २९ डिसेंबरची गोष्ट. थंडी कडाक्याची, तिने बादलीत रॉड लावला होता. लाइट गेली. पाणी कितपत तापलंय बघायला तिने हात घातला. रोज दहाला येणारी लाइट त्या दिवशी मध्येच आली. काकू धावत गेल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात ८:१० झाले होते.

आता त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. वायर काढून ठेवलीय. बँकेत जाऊन सरळ सांगेन, ती बाई मेली. चेक गेला खड्ड्यात.

— मंजिरी

१९ डिसेंबर

पलासियाला गेले होते. लग्नाचा दाखला, जुनं रेशन कार्ड, सगळं दाखवलं. खातेदार वारलीय म्हणून सांगितलं. साहेबाने सहीचं कार्ड काढलं, माझ्याकडे बघितलं आणि हसला. मॅडम, क्यों मजाक करती हो.

कार्डावरचा फोटो माझा. माझाच चेहरा, हनुवटीवरच्या तिळासकट. अंगात निळी साडी, जी माझ्याकडे नाही. खाली तारीख जून २००१.

सही करा म्हणाला. मी मंजिरी करायला घेतली, देवाशपथ. कागदावर अमिता उमटलं. कार्डाशी जुळलं. तो म्हणाला, बढिया.

ट्रंकेत निळी साडी आहे.

— मंजिरी

२२ डिसेंबर

पळायचं ठरवलं. बॅग भरली. अप्पासाहेबांनी अडवलं नाही, नुसतं विचारलं, परत कधी? स्टेशनवर खिडकीशी तोंड उघडलं आणि म्हणाले, देवास. पुन्हा प्रयत्न केला. देवास. मागचे लोक ओरडायला लागले. मला खंडव्याची गाडी धरून पुढे जायचं होतं, बाबांकडे, ते जंक्शन, केळीचं — गावाचं नाव जिभेवर येईना. या वहीचं पहिलं पान काढून वाचलं तेव्हा कळलं. भुसावळ. भुसावळ. तोवर गाडी गेली होती. पाय आपोआप घराकडे वळले.

खूप भीती वाटतेय. आई गं —

— मंजिरी (पहिल्या पानावर बघून लिहिलं)

२४ डिसेंबर

कॉम्प्युटरची वायर कुणी लावली? मीच लावली असेल. आत गेले. एकही प्रश्न चुकला नाही. शाळा, मैत्रीण, पहिल्या इयत्तेच्या बाईंचं नाव, सगळं —

काकूंनी गराडू आणले. दोन प्लेट खाल्ले. घसा अजिबात खाजला नाही. काकू माझ्याकडे बघत बसल्या, मग पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

माझं नाव म पासून आहे. म. म. मं —

— मंजि

२६ डिसेंबर

दुपारी फोन आला. कोणी म्हातारे होते. मंजिरी आहे का विचारत होते, पंधरा दिवस झाले पोरीचा फोन नाही म्हणाले. मी म्हटलं, रॉंग नंबर आहे जी, इथे कोणी मंजिरी नाही राहत. त्यांनी पुन्हा लावला. आवाज तर तुझाच आहे गं, म्हणून रडायला लागले. मोठे भले माणूस वाटले. मलापण उगाच रडू आलं. कोणाची मुलगी हरवली बिचाऱ्याची.

— अमिता

२९ डिसेंबर

काय थंडी पडली आहे! पप्पांना चाय दिली. बँकेचं सातच्या आधीच करून घेतलं, आज काहीच नाही विचारलं, सीधं आत. ही वही उशीखाली मिळाली. कोणी मंजिरी लिहीत होती. अक्षर सुंदर आहे, मास्तरीणबाईसारखं. पानं बाकी आहेत तर आपणच लिहू.

गॅसवर कोण तापवत बसेल. माळ्यावरून रॉड काढला. पप्पा बघत होते. मग त्यांनी हातातलं घड्याळ बघितलं.

आठ वाजले. गेली लाइट. रॉड बादलीतच आहे. नहायला पुरे इतकं पाणी गरम झालं की नाही, हात घालून बघून येते आणि मग